हॉलमधलं सॉल्टबुश लांबडं का झालं, आणि त्याला मिठाचं पाणी घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंनी जुलैमध्ये नर्सरीतून सॉल्टबुश आणलं आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं. आणलं तेव्हा ते गच्च आणि रुपेरी होतं. आता सप्टेंबर संपताना फांद्या लांब होऊन लोंबतायत, पानं हिरवट झालीत, खालची पिवळी पडून गळतायत. झाड खारं म्हणून त्या दर रविवारी लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून घालतात. एरवी दिवसाआड बोअरचं पाणी. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसतात. कुंडीवर पांढरा थर आलाय. काय चुकतंय, आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का, आणि याची पानं खातात म्हणे, ते खरं का?

ताई, आधी मीठ बंद करा. मग पुढचं सावकाश वाचा.

तुमचं झाड निव्वळ मिठाने बिघडलेलं नाही. ते बिघडलंय टीव्हीशेजारी. मीठ, पाणी, फडकं हे सगळं त्यावरचं ओझं. भरपूर उन्हात असतं तर यातलं निम्मं त्याने मुकाट सोसलं असतं.

सॉल्टबुश म्हणजे अ‍ॅट्रिप्लेक्स. कुंडीत लावतात त्या मुख्यतः दोन जाती. एक ऑस्ट्रेलियातली नम्युलॅरिया, गोलसर, लहान नाण्यासारख्या पानांची. नावाचा अर्थही तोच. दुसरी भूमध्य समुद्राकडची हालिमस. नम्युलॅरिया मोकळ्या रानात तीन मीटरपर्यंत उंच आणि जवळपास तेवढीच रुंद होते, ऑस्ट्रेलियात तिच्यावर मेंढ्या चारतात. आता मुद्दा असा की ज्वारी, बाजरी, मका, ऊस ज्या पद्धतीने उन्हातून अन्न करतात, त्याच पद्धतीने हे झुडूप करतं. सी-फोर म्हणतात त्या पद्धतीला. कडक उन्हात आणि कमी पाण्यात ती भारी चालते. सावलीत मात्र या यंत्राला चालवण्यापुरतंही सरपण मिळत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी कुणी हॉलमध्ये टीव्हीशेजारी पेरेल का? तुम्ही साधारण तेच केलंय. दोष तुमचा नाही, विकणाऱ्याने 'घरात चालतं' म्हणून गळ्यात मारलं असणार.

आपले डोळे या बाबतीत फसवतात. दुपारी गच्चीवर उजेड असतो लाखभर लक्स. खिडकीपासून आठ-दहा फूट आत आलात की तो दोन-तीनशेवर येतो. आपल्याला पेपर वाचता येतो म्हणून वाटतं, उजेड चांगला आहे. मोबाइलवर लक्स मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं, ते टीव्हीशेजारी धरून बघा आणि मग गॅलरीत धरून बघा. मी गिऱ्हाइकांना हे करायला लावतो, कारण सांगून पटत नाही. त्यात तुम्ही झाड आणलं जुलैमध्ये. ढगाळ दिवस, उजेड आधीच कमी. मग ते उजेड शोधत लांबणारच. फांदीवर दोन पानांमधलं अंतर बघा. नर्सरीत वाढलेल्या जुन्या भागात पानं एकाला एक लागून असतील, नव्या भागात बोटभर अंतराने. तो जोड जिथे आहे, त्या दिवशी झाड तुमच्या घरी आलं.

आता ठेवायचं कुठे. लोक सरसकट 'दक्षिणेची खिडकी' सांगतात. ते सोलापूरला अर्धंच लागू आहे. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तो. या दोन तारखांच्या मधे तो चक्क थोडा उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळत असतं आणि तुमच्या दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन शून्य. वर छज्जा असेल तर विचारूच नका. डिसेंबरात उलट. दुपारचा सूर्य आकाशात निम्म्यावरच असतो, छज्जाच्या खालून ऊन आत येतं आणि फरशीवर लांब पसरतं. तेव्हा दिवाळी ते महाशिवरात्र दक्षिणेची खिडकी, काचेला लागून. उरलेलं वर्ष पूर्वेची किंवा पश्चिमेची गॅलरी, ग्रिलच्या आतल्या कडेला. दिवसाला किमान पाच तास थेट ऊन पानावर पडलं पाहिजे. तुमच्याकडे कपडे वाळत घालायची गॅलरी असेलच. कपडे जिथे दोन तासांत कडक वाळतात, ती याची जागा.

एकदम मात्र बाहेर नेऊ नका. सावलीत आलेली पानं पातळ असतात, ऑक्टोबर हीटचं ऊन त्यांना दोन दिवसांत करपवतं. पहिले तीन-चार दिवस सकाळचं ऊन, नऊपर्यंत. मग अकरापर्यंत. दहा-बारा दिवसांत पूर्ण उन्हात.

गॅलरीच नसेल, किंवा सगळ्या खिडक्यांसमोर शेजारची इमारत असेल, तर झाडाच्या वर फूटभरावर तीसेक वॉटचा पांढरा एलईडी लावून दिवसाचे बारा-चौदा तास चालू ठेवता येतो. झाड जगतं, पण रुपेरी गच्चपणा तसा येत नाही. खरं सांगायचं तर अशा घरात हे झाड ठेवूच नये. हॉलच्या कोपऱ्याला स्नेक प्लांट द्या, ते तिथे वर्षानुवर्षं काही न मागता उभं राहतं.

मिठाकडे येतो. सॉल्टबुश मीठ सोसतं, मागत नाही. बैल ओझं ओढतो म्हणून गाडी रिकामी असली की त्याला करमत नाही, असं थोडंच आहे? एक बारीक अपवाद आहे. १९५७ साली ऑस्ट्रेलियात ब्राउनेल आणि वुड यांनी अ‍ॅट्रिप्लेक्सच्या एका जातीवर दाखवून दिलं की तिला सोडियम लागतंच, पण लागतं ते अगदी कणभर. तेवढंही मिळू नये म्हणून पाणी आणि क्षार खास शुद्ध करावे लागतात. आपल्या बोअरच्या पाण्यात त्या कणाच्या कितीतरी पट असतं. सोलापूरच्या कुंडीत सोडियमची उपासमार होणं शक्य नाही.

आता तुमच्या चमचाभर मिठाचा हिशेब करू. सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण ५ ते ६ ग्रॅम. लिटरभर पाण्यात तेवढं मीठ हे या झाडाला एकदा काहीच नाही. पण रानात पावसाने मीठ खाली धुऊन जातं, कुंडीत ते कुठे जाणार? पाणी उडून जातं, मीठ राहतं. ऑगस्टपासून धरले तरी आठ रविवार झाले, म्हणजे ४५ ग्रॅमच्या आसपास. दहा इंची कुंडीतली माती भिजल्यावर दोनेक लिटर पाणी धरते. म्हणजे मुळांभोवती लिटरला बावीस ग्रॅम मिठाचं पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम असतं. आणि कुंडी निम्मी वाळली की हाच आकडा चव्वेचाळीस होतो. रविवारी रविवारी तुम्ही घरात समुद्र भरलाय, ताई. मीठ आत घेऊन ते पानात वेगळं साठवायला झाडाला ताकद लागते, आणि ताकद येते उन्हातून. ऊन नाही, वर मीठ. खालची पानं टाकून देण्याशिवाय त्याच्या हातात काही उरत नाही.

शिवाय झाडाच्या आधी माती मरते. सोलापूर जिल्ह्यात कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. उसाला पाणी पाजून पाजून रानं कशी क्षारपड झाली, कशी चोपण झाली, हे त्याने पाहिलेलं असतं. सोडियम वाढलं की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, छिद्रं बुजतात, वर पाणी तुंबतं, आत हवा जात नाही. भिजली की साबणासारखी, वाळली की दगड. तुमच्या कुंडीत पाणी घातल्यावर ते वरच बराच वेळ राहत असेल तर चोपण सुरू झालंय असं समजा. त्यात आपली काळी माती असेल तर जास्तच. काळी माती रानात सोनं, कुंडीत फास. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते.

माझं पहिलं सॉल्टबुश मी असंच मारलं. मिठाने नाही, पाण्याने. चकचकीत चिनी मातीची कुंडी, खाली एकच छिद्र, आत मळ्यातली काळी माती. पानं मलूल दिसली की पाणी, अजून मलूल दिसली की अजून पाणी. शेवटी कुंडी उलटी केली तेव्हा गटारासारखा वास आला. मूळ चिमटीत धरून ओढलं, साल हातात आली आणि आत केसासारखा धागा उरला. कुजलेलं मूळ ओळखायचं ते असं. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी असतं आणि ओढल्यावर साल सोडत नाही.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. चार दिवस पाणी बंद. मग झाड कुंडीतून काढा आणि मुळं बघा. काळी, साल सुटणारी सगळी कापून टाका. जुनी माती हलक्या हाताने निम्मीअधिक झाडून काढा. नवी भरणी अशी: दोन भाग तांबडी किंवा गाळाची माती, दोन भाग जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक भाग मुरलेलं शेणखत. मुरूम आपल्याकडे बांधकामाच्या ढिगाऱ्यावर घमेलंभर सहज मिळतो, फक्त धुऊन घ्या, त्यातलं पीठ पाण्याची वाट बंद करतं. कोकोपीट घालू नका. ते पाणी धरून ठेवतं, आणि नीट न धुतलेलं कोकोपीट स्वतःच खारं असतं. कुंडी साधी, भाजलेल्या मातीची, दहा इंची. मुळं फार गेली असतील तर आठ इंची. मोठ्या कुंडीत थोडी मुळं म्हणजे न वाळणारा चिखल. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

मुळं कमी केलीत, तर वरचंही कमी करा. लांबलेल्या फांद्या एक तृतीयांश कापा, पण प्रत्येक फांदीवर थोडी हिरवी पानं राहतील असं बघा. भिऊ नका, मेंढ्यांच्या तोंडून वाचत आलेलं झाड आहे, कापलं की फुटतं. पुढेही वर्षातून एकदा, थंडी सरताना, असंच छाटा आणि मधूनमधून शेंडे खुडत राहा. खताचं म्हणाल तर वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत, बस. युरिया दाखवलात तर लुसलुशीत फुटवा येतो आणि मागोमाग मावा.

कापलेल्या फांद्या टाकू नका. चार बोटं लांबीच्या, किंचित लाकडाळलेल्या काड्या घेऊन खालची पानं काढा आणि धुतलेल्या ओलसर वाळूत उजेडाच्या सावलीत खोचा. वर प्लास्टिकची पिशवी बांधायची सवय असेल तर इथे नको, पानं कुजतात. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. पाचात दोन लागल्या तरी चांगलं. मूळ झाड दगावलं तर हा तुमचा विमा.

पाण्याला वार ठरवू नका. दिवसाआड तर मुळीच नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, आत ओल लागली तर परत या. किंवा कुंडी उचलून बघा, आठ दिवसांत वजनाचा अंदाज हाताला येतो. गॅलरीतल्या दहा इंची कुंडीला मेमध्ये तीन-चार दिवसांनी लागेल, थंडीत दहा-बारा दिवसांनी, पावसाळ्यात त्याहून उशिरा. घालाल तेव्हा पोटभर घाला, खालून निथळेपर्यंत. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही अशी आपली रड आहे, पण या झाडापुरती ती सोय आहे. नळ येईल त्या दिवशी कुंडी तपासायची.

कुंडीवरचा पांढरा थर झाडाने बाहेर टाकलेला नाही. बोअरच्या पाण्यातला चुना आणि तुमचं मीठ मातीच्या भिंतीतून झिरपून बाहेर वाळलंय. ब्रशने घासून काढा, वरची इंचभर माती बदला. नंतर दर तीन-चार महिन्यांनी एकदा कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकाराच्या तिप्पट पाणी हळूहळू ओता आणि निथळू द्या. त्याहून सोपं म्हणजे जूनमधले पहिले दोन जोरदार पाऊस उघड्यावर घेऊ द्या. फुकट धुलाई होते.

आरओच्या पाण्याचं विचारलंत. चालेल, पण सरसकट नाही. मशीनने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात आलेले असतात. तीन वेळा साधं पाणी, एकदा ते, असं ठेवा. झाड पूर्ण बरं होईपर्यंत तेही नको. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्याचं पाणी मात्र कुठल्याच कुंडीला घालू नका. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो, म्हणजे चोपण करायचं यंत्रच.

फडक्याबद्दल. पानावरची चांदी ही धूळ नाही. पानाच्या कातडीवर बारीक देठाच्या टोकाला फुग्यासारख्या पेशी असतात, झाड जास्तीचं मीठ नेऊन त्या फुग्यांत ठेवतं. फुगे भरतात, वाळतात, फुटतात आणि त्यांचा पांढरा पापुद्रा पानावर बसतो. तोच ऊन परतवतो. तुम्ही दर आठवड्याला ओल्या फडक्याने झाडाची मिठाची कोठी आणि छत्री दोन्ही पुसून टाकत होता. पुसलेल्या जुन्या पानाला ती परत येत नाही, नव्या पानांना येईल. हे हाताने बघायचं असेल तर मंडईतून चाकवताची जुडी आणा आणि कोवळ्या शेंड्यावर बोट फिरवा. बोटाला पिठासारखी पांढरी पूड लागते. तेच फुगे. चाकवत, पालक, बीट हे सगळे सॉल्टबुशच्याच भावकीतले. धूळ बसली तर मऊ कोरडा ब्रश वापरा, रंगाचा नवा अर्धा इंची मिळतो तो.

या चांदीची एक गैरसोय आहे. पिठ्या ढेकूण तिच्यात लपतो. पांढऱ्यावर पांढरा, पंधरा दिवस दिसतच नाही. पान न बघता पानाची बगल बघा, देठ फांदीला मिळतो ती जागा. चांदी सगळीकडे सारखी पसरलेली असते, ढेकणाचा कापूस गोळ्यागोळ्याने बसतो. बोटाने चिरडला तर चिकट लागतो. आणि मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना दिसली तर शोधायचीच गरज नाही, तो आहेच. कान साफ करायच्या काडीचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, दर पाच दिवसांनी, तीन वेळा. नीम तेलाची फवारणी सगळ्या झाडावर मारू नका, पापुद्र्यावर तेलाचा थर बसतो आणि उन्हात पान भाजतं.

उन्हाळ्यात एक चूक घरोघर होते म्हणून सांगून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये कूलर लागला की लोक प्रेमाने झाड कूलरसमोर आणतात. याला बेचाळीस अंश चालतात, कूलरची दमट हवा चालत नाही. गॅलरीतच राहू द्या.

पानं खाण्याचं खरं आहे. कोवळी पानं उकळत्या पाण्यातून काढून, ते पाणी फेकून खातात. चवीला खारट, पालकासारखी. पण त्यात सोडियम भरपूर आणि ऑक्सॅलेटही असतं. घरात कुणाला रक्तदाब असेल, मूतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर त्यांनी लांब राहावं. आणि तुमच्या या झाडाची तर सध्या अजिबात नको. नर्सरीत त्यावर काय फवारलं हे तुम्हाला माहीत नाही, शिवाय आठ रविवारांचं मीठ त्या पानांत आहे. नवीन भरणीत आलेली, उन्हातली पानं पुढच्या थंडीत चाखून बघा. तोवर ती चाकवताची जुडी आणलीच असेल, तर ताकातली भाजी करा.